बारा-सातची मावशी

आमच्या गल्लीत कुणी कुणाला "कसं काय" विचारत नाही. "किती?" असं विचारतात, आणि समोरचा आकडा सांगतो. मिलमधून पाळी संपवून आलेला माणूस म्हणतो, "अकरा-नऊ." जिची पोरगी दहावी पास झाली ती बाई पदर सावरत म्हणते, "बारा-सात!" कोपऱ्यावरच्या गुजराती दुकानदाराला बॅटरीतलं ओ की ठो कळत नाही, पण तोसुद्धा साखर तोलता तोलता विचारतो, "केटला, बेन?"

ही खोड लावली आमच्या घरमालकीणबाईने. मी तिला मावशी म्हणायचे, आणि आमच्याकडे मावशीला अगं-तुगंच करतात. तिच्या गळ्यात कायम मीटर लटकलेला असे. बायका मंगळसूत्र घालतात तसा, लाल आणि काळी वायर छातीवर लोंबत. पूर्ण भरलेल्या बॅटरीला तो लावला की बारा पॉइंट सात दाखवतो. बारा-दोन म्हणजे अर्धी. अकरा-आठच्या खाली गेली की समजायचं, उपाशी आहे. मावशीच्या मते माणसाचंही तेच होतं, फक्त माणसाला वायर कुठे लावायची ते अजून कुणी शोधलं नव्हतं, म्हणून विचारावं लागतं.

मावशी मूळची भुसावळची. नवरा रेल्वेत होता. डब्यातले दिवे-पंखे ज्या बॅटऱ्यांवर चालायचे त्या सांभाळायचा. त्याची बदली इकडे सुरतला, उधन्याला झाली आणि ती इथलीच झाली. त्याच्या शर्टाला ॲसिडची भोकं पडायची आणि मावशी ती रफू करता करता त्याला प्रश्न विचारायची. तेवढीच तिची शाळा. नवरा गेला, मग शुगरने तिचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला, मग लेकीने तिला बॅटरीवर चालणारी बसायची गाडी घेऊन दिली. "पाय बदलून मिळत नाही वं," ती म्हणायची, "बॅटरी मिळते. मग रडायचं कशाला?"

माझी शाळा सातवीत सुटली. पुढची शाळा नदीपलीकडे होती आणि माझा डावा पाय लहानपणीच्या तापात वाळलेला. भाऊ सायकलवर बसवून न्यायचा. त्याला कामाला जावं लागलं, संपलं. मी हुशार होते की ढ, हे कुणाला कळलंच नाही. अंतर जास्त होतं, एवढंच. शिंदखेड्याकडच्या आमच्या घराला एक ओटा आहे. बिनलग्नाच्या, बिनकामाच्या बाईने त्यावर बसून येणारे-जाणारे बघायचे, भावजयीच्या हातचा चहा प्यायचा, असं माझं ठरल्यासारखं होतं. त्या ओट्याला भिऊनच मी मावसबहिणीच्या मागे सुरतला आले. पांडेसऱ्यात साड्यांना लेस लावायच्या कारखान्यात काम मिळालं, कारण मशीनचं पायडल उजव्या पायाने चालतं. एका संस्थेने कुणीतरी वापरून सोडलेली, बॅटरीवरची गाडी दिली. चार चाकं, हँडल, पुढे टोपली. गाडी चालली तर कारखाना, कारखाना राहिला तर सुरत. गाडी थांबली की ओटा. इतकं सरळ गणित होतं ते, आणि रोज सकाळी किल्ली फिरवताना मी ते मनात मांडायचे.

मावसबहिणीकडे तिचे सासू-सासरे राहायला आले, तेव्हा मी खोली शोधायला निघाले. दोन-तीन घरमालकांनी आधी जात विचारली, मग माझ्या पायाकडे बघितलं, मग "घरात विचारून सांगतो" म्हणाले. मावशी दारातच बसली होती. तिने माझ्या पायाकडे बघितलंच नाही. गाडीकडे बघितलं.

"जेल की ॲसिड?"

"काय?"

"बॅटऱ्या वं! सीलबंद आहेत की पाणी घालायच्या?"

"माहीत नाही."

"स्वतःची जात पाठ असेल. गाडीची नाही." तिने मीटर गळ्यातून काढला. "आण आत. उतार आहे तिकडून."

तिच्या घराला प्लॅस्टर नव्हतं, पण दाराला पायऱ्यांच्या जागी गुळगुळीत उतार होता. सीट काढून तिने माझ्या बॅटऱ्यांना मीटर लावला आणि असं तोंड केलं की जणू मी दोन लेकरं उपाशी ठेवून गावभर हिंडले.

"चार्जिंगला कधी लावते?"

"पूर्ण संपली की."

खरंच मी तसंच करत होते, आणि शहाणपणा समजून करत होते. आमच्या घरात शिळी भाकर संपल्याशिवाय ताजी थापायची नाही, असा नियम. लाइट तर कायम गेलेली, म्हणून करंट म्हणजे जपून वापरायची वस्तू. बॅटरीत थोडं शिल्लक असताना वरून नवीन भरायचं हे मला उधळेपणाचं वाटायचं. मावशीला हे सांगितलं तर तिने कपाळावर हात मारला.

"ही भाकर नाही, पोरी. ही म्हैस आहे. दूध काढ नाहीतर नको काढू, वैरण रोज घालायची. घरी आली की खुंट्याला बांध."

भिंतीतल्या प्लगला ती खुंटा म्हणायची. खोली मिळाली ती त्या एका अटीवर. भाड्याचं नंतर बघू, पण घरी आल्यावर चहाआधी गाडी खुंट्याला.

उन्हाळ्यात मावशीचं घर बघायला लोक यायचे. घरातल्या सगळ्यात गार खोलीत तिची गाडी उभी, समोर टेबलफॅन, आणि ती स्वतः बाहेर बाजेवर पुठ्ठ्याने वारा घेत. कुणी हसलं की म्हणायची, "मला घाम येतो, तो पुसता येतो. बॅटरीला घाम येत नाही, ती आतून मरते." दुकानदार तिला "माशी, तमे तो गजब छो" म्हणायचा. गुजरातीत मावशीला माशी म्हणतात. ती म्हणायची, "माशी तुझ्या गुळावर बसलेली आहे, ती हाकल आधी."

तिच्या भाचीला एकदा मुलगा बघायला आला. चांगला गोरागोमटा, शर्टाच्या खिशाला पेन. सगळे खूश. मावशीने त्याला एकच विचारलं, "काम करतो का?"

"सध्या बघतोय."

तो गेल्यावर ती म्हणाली, "दुकानात ठेवलेली बॅटरी आणि काम न केलेला मुलगा, दोन्ही बारा-आठ दाखवतात. भार टाकल्याशिवाय खरं कळत नाही." भाचीची आई आठवडाभर फुगून बसली. पण लग्न झालं नाही ते नाहीच.

आणखी एक तिचं होतं. चार्जर काढल्या काढल्या मीटर लावू द्यायची नाही. तेव्हा आकडा फुगलेला येतो. बॅटरी बसू द्यायची, निवू द्यायची, मग मोजायची. कुणी भांडून तणतणत आलं किंवा बोनस मिळाला म्हणून नाचत आलं, तरी ती "किती?" विचारायची नाही. "बसू दे आधी," म्हणायची.

मीही फुगले होते तसं बघितलं तर. वर्षभर पैसे बाजूला टाकून मी नवीन जोडी घेतली, तेव्हा वाटलं होतं, मावशी बसवून देईल. तिने पाना माझ्या हातात दिला आणि स्वतः लांब खुर्चीवर बसली. "मी उद्या मेले तर? काढताना काळी आधी. लावताना काळी शेवटी. म्हण." मी म्हटलं. पुन्हा म्हटलं. उलटी वायर लागून गाडी जळेल या भीतीने माझ्या हातातला पाना नटावर टकटक वाजत होता. आधी मी तिला विचारलं होतं, एकच बदलली तर नाही का चालणार, दुसरी बरी आहे. तेव्हा ती पहिल्यांदा माझ्यावर ओरडली. "म्हाताऱ्या बैलाशेजारी नवा गोऱ्हा जुंपशील? म्हातारा ओढत नाही आणि नवा त्याला ओढून ओढून मरतो. जोडी म्हणजे जोडी." त्या दिवशी किल्ली फिरवली आणि हँडलवरचा बॅटरीचा काटा टोकाला जाऊन उभा राहिला, तेव्हा मला जे वाटलं ते सातवीच्या निकालालासुद्धा वाटलं नव्हतं. आईला फोन केला. ती दर फोनला विचारायची, "तुनं कोन शे तठे? निंघी ये." तिथे तुझं आहे कोण, घरी ये. त्या दिवशी मी म्हटलं, "माय, मी बॅटऱ्या बदलल्या, मीच." ती मग म्हणाली, "करंट लागना नही ना?"

आता मावशीचा एक दोष सांगते, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. ती स्वतःचं वय चार वर्षं कमी सांगायची आणि आपल्या बॅटऱ्यांचं वय दोन वर्षं जास्त. लोक आपल्या दातांचा, केसांचा अभिमान बाळगतात तसा तिला त्या जोडीचा होता. "लोकांच्या तीन वर्षांत जातात. माझ्या बघ!" मीटर लावायची, बारा-सात यायचं, आणि ती सगळ्यांकडे बघायची. पण मी तिच्या मागून गाडी चालवायचे. दाराच्या उतारावर चढताना तिचा काटा पार लालात झोपायचा आणि सपाटीला आली की उठून बसायचा. भार टाकल्याशिवाय खरं कळत नाही, हे तिनेच शिकवलेलं.

सांगू की नको, यात माझे बरेच दिवस गेले. तिच्या घरात राहते, तिच्यामुळे टिकले, आणि तिलाच सांगायचं, तुझी बॅटरी संपली? शेवटी चौदा एप्रिल, जयंतीची मिरवणूक तोंडावर आली आणि मला राहवेना.

त्या मिरवणुकीचं असं होतं. पाय गेल्यानंतरच्या पहिल्या जयंतीला मंडळाच्या पोरांनी मावशीला ढकलखुर्चीत बसवून नेलं होतं. मोठ्या प्रेमाने नेलं. वाटेत डीजे रंगात आला, पोरं नाचायला गेली, आणि मावशीला उसाच्या रसाच्या गाडीशेजारी लावून विसरली. दुपारभर ती तिथे उन्हात बसून राहिली, पांढरीशुभ्र साडी नेसून. रसवाला तिला ग्लासामागून ग्लास देत होता आणि शुगरमुळे तिला तो पिता येत नव्हता. ती कुणावर चिडली नाही. फक्त त्यानंतर म्हणाली, "मला कुणी ढकलायचं नाही. कधीच." पुढच्या वर्षापासून ती स्वतःच्या गाडीवर, हँडलला निळा झेंडा बांधून, सगळ्या बायकांच्या पुढे. आमच्या खान्देशातल्या कानबाईच्या सणाला ती माझ्याकडे रोट खायला आली, मी तिच्या जयंतीला गेले. तेव्हापासून मी तिच्या मागे दुसऱ्या नंबरला असायचे.

मी म्हटलं, "मावशी, बसून बारा-सात दाखवतात. पण चढावर काटा पडतो. वाटेत पूल आहे."

"माझ्या बॅटऱ्यांना मी तुझ्याआधी ओळखते," म्हणाली आणि आत गेली.

त्यानंतर ती सगळ्या गल्लीला "किती?" विचारायची. दुकानदाराला विचारायची, पोरांना विचारायची, दुकानाखालच्या कुत्र्यालासुद्धा माझ्यासमोर मुद्दाम विचारायची, "किती रे?" मला नाही. मी खोलीत बसून विचार करायचे, आता ही खोली सोडायला सांगणार. कपडे एका पिशवीत मावतील का, हेही बघून ठेवलं.

जयंतीला तरी मी गेले. नवी पांढरी साडी, टोपलीत पाण्याची बाटली आणि पाना. पाना नसलेली गाडी म्हणजे चिमटा नसलेली चूल, असं मावशीचं म्हणणं होतं. ती पुढे होती, झेंडा फडफडत होता, मागे बायका घोषणा देत होत्या, त्यांच्यामागे डीजे. पूल सुरू झाला. गाडी हळू झाली. आणखी हळू. अर्ध्या चढावर एक झटका देऊन उभी राहिली.

मंडळाची पोरं धावत आली. "मावशी, एक धक्का मारतो, वरपर्यंत!"

"हात लावशील तर हात मोडीन."

"अगं, मागे डीजे अडलाय! सगळे अडलेत!"

"अडू दे."

ती समोर बघत होती. हँडल दोन्ही हातांनी इतकं घट्ट धरलेलं की बोटं पांढरी पडली होती. मला तिचा चेहरा दिसला आणि कळलं, तिच्या डोळ्यांसमोर ती रसाची गाडी आहे. मी माझी गाडी तिच्या बाजूला लावली.

"मावशी, उतर."

"काय?"

"उतर. सीट काढायची आहे."

तिच्याशी मी असं कधी बोलले नव्हते. तिने माझ्या गाडीकडे बघितलं आणि तिला समजलं. हळूच म्हणाली, "तुझ्या दोन्ही नको. एकच काढ. एकीवर होईल बहुतेक."

"जोडी म्हणजे जोडी," मी म्हटलं.

ती हँडल सोडून उतरली. पोरांनी प्लॅस्टिकची खुर्ची आणली, ती तिने घेतली नाही. निळ्या झेंड्याची काठी सोडवून घेतली आणि ती धरून एका पायावर उभी राहिली. मी रस्त्यावर मांडी घातली. पोरांना सांगितलं, उचलायला हात लावा, वायरींना नको. वरून मावशी ओरडली, "उन्हात काय ठेवता त्यांना? सावली धरा!" बायकांनी पदर धरले. बॅटऱ्यांवर. तिच्या डोक्यावर ऊन तसंच होतं.

काढताना काळी आधी. माझ्या गाडीच्या काढल्या, तिच्या काढल्या. सगळा पूल थांबलेला. कुणीतरी डीजे बंद केला होता आणि मागून एक जण विचारत होता, "काय झालं, काय झालं?" पाना वाजला नाही, हे आठवतं. माझी जोडी तिच्या गाडीत. लाल, मग काळी. मावशी बसली, किल्ली फिरवली, काटा टोकाला गेला आणि तिथेच उभा राहिला.

ती मागे वळून लोकांवर ओरडली, "बघताय काय? वाजवा!"

आणि गेली. पुढे निळा झेंडा, त्याखाली तिची पांढरी पाठ, चढत चढत पुलाच्या माथ्यावर दिसली आणि पलीकडे उतरली. मला पोरांनी ढकलत पुलाखाली सावलीला आणलं. मला ढकललेलं चालतं. तिच्या मेलेल्या बॅटऱ्या टोपलीत आणि पायाशी घेऊन मी तिथे बसले. घामाने, ग्रीसने साडीची वाट लागली होती. येणारे-जाणारे बघत होते, आणि मीही त्यांच्याकडे बघत होते. ओट्यावर बसल्यासारखं एकदाही वाटलं नाही.

मिरवणूक संपून जेवणं सुरू झाली असतील, तेव्हा पुलावरून एक निळा झेंडा एकटाच परत येताना दिसला. मावशी ताटावर बसलीच नव्हती. मंडळाने अंगावर घातलेला हार तसाच होता आणि टोपलीत कुणाच्या तरी टेम्पोतून मागून आणलेला दोर.

"बांध," ती म्हणाली. "ढकलायचं नाही. ओढायचं."

माझी गाडी तिच्या गाडीला बांधून, माझ्याच बॅटऱ्यांवर, तिने मला उधन्याच्या रस्त्यातून घरी ओढून आणलं. रिक्षावाले बाजूला होत होते. दुकानदार गल्ल्यावरून उठून बाहेर आला आणि हात जोडले. मी हसत होते की रडत होते, कोण जाणे.

दारात मी विचारलं, "मावशी, किती?"

"आत्ता नको मोजू," ती म्हणाली. "आत्ता काहीही येईल. सकाळी विचार."

आता मावशी भुसावळला लेकीकडे असते. सुट्टीच्या दिवशी मी उधन्या-पांडेसऱ्यात लोकांच्या गाड्यांच्या बॅटऱ्या बदलून देते, आणि एक बदलून द्या म्हणणाऱ्याला बैलाचं सांगते. तिचा फोन आला की ती "हॅलो" म्हणत नाही. "किती?" म्हणते.

पण त्या सकाळचं राहिलं. मी कामाला निघाले तर माझी गाडी दारात तयार उभी. जमिनीवर बसून, एकटीने, कधी केलं कुणास ठाऊक, तिने माझी जोडी काढून भरून परत माझ्या गाडीत बसवली होती. तिची गाडी सीट काढलेली, आत पोकळ, आणि टेबलफॅन बंद.

"मावशी, किती?"

"तुझ्या बारा-सात," ती म्हणाली. मग स्वतःच्या गाडीकडे बघून, "माझ्या गेल्या."

हे वाक्य तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

"येताना नवीन आण," ती म्हणाली. "दोन्ही. आणि तू बसव."

तिच्या गाडीला आजवर तिने जावयालासुद्धा हात लावू दिला नव्हता. संध्याकाळी मी बॅटऱ्या घेऊन आले, तर तिने खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं. "मी बघत नाही. बघितलं तर बोलेन." मी पाना घेतला. ती भिंतीशी, पाठ ताठ. शेवटचा नट आवळल्याचा आवाज झाला, तेव्हा तिने भिंतीलाच विचारलं,

"काळी?"

"शेवटी," मी म्हटलं.

मग तिने खुर्ची वळवली आणि किल्ली माझ्यापुढे धरली.